जोळीबाहेरचा वाटा

बाबांचा डावा डोळा गेला त्या वर्षापासून आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ पेजच असायची. पेजेबरोबर भाजलेली सुकट, नाहीतर मिठातल्या कैरीची फोड. आई ओहोटीला खाडीत उतरायची, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतून निवट्या मासळी आणि चिंबोऱ्या धरायची, आणि टोपलीवर ओलं गोणपाट टाकून गडबच्या नाक्यावर विकायला बसायची. ज्या दिवशी चिंबोऱ्या विकल्या जायच्या नाहीत त्या दिवशी आम्हीच त्या खायचो. नांग्या पाट्यावर वाटून, गाळून केलेला रस्सा, त्यात कोकम, बरोबर तांदळाची जाड भाकरी. आजही कोणी मला गरिबीबद्दल विचारलं की माझ्या जिभेवर आधी तो रस्सा येतो. लोकांना वाटतं मी थट्टा करते.

गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून आहेत, आणि काही अजून बोलतात. गडबच्या अलीकडे हायवे सोडून खाडीच्या अंगाला जो रस्ता उतरतो त्याच्या शेवटी आमची वस्ती. तिथली जमीन खाडीकडून मागून घेतलेली. एकीकडे खाडी, दुसरीकडे भाताची खार, म्हणजे खाऱ्या पट्ट्यातली शेतं, आणि दोहोंच्या मधे चिखलाचा बांध. उधाणाला खाडीचं पाणी आमच्या अंगणापेक्षा उंच चढतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगात पाणी असंच वर असतं आणि माणसं खाली राहतात. हा बांध सरकारचा नव्हता आणि कोणा एकाचाही नव्हता. तो जोळीचा होता. ज्यांची शेतं बांधाआड, त्या सगळ्या घरांची मिळून जोळ. बांध घरांवर वाटलेला असायचा. आपापल्या वाट्याला उन्हाळ्यात माती चढवायची, खेकड्यांची बिळं बुजवायची, उधाणाच्या दिवसांत पाळीने फिरून बघायचं. आणि पावसाच्या तोंडावर बांधाला राखण द्यायची, म्हणजे घरोघरचा नारळ आणि सगळ्यांच्या वाट्याचा कोंबडा. राखण दिली की बांध शांत राहतो असं सगळेच मानायचे. मीही मानायचे.

बाबा आधी मिठागरात होते. मिठागर बंद पडलं तेव्हा ते रोह्याला एका कंपनीत ठेकेदाराकडे लागले आणि तिथेच जवळ वरशाला चौघा जणांबरोबर खोली करून राहू लागले. सुट्टीला घरी यायचे तेव्हा त्यांच्या कपड्यांना एक आंबट वास असायचा, तो आईने कितीही आपटलं तरी जायचा नाही. एके दिवशी पाइपाचा जोड सुटला आणि काहीतरी उडून त्यांच्या डोळ्यात गेलं. ठेकेदाराने दवाखान्याच्या दारात सोडलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. आम्हाला कळायलाच किती दिवस गेले. त्या दिवसांत बाबांना ज्यांनी सांभाळलं ती वरशातली प्रार्थनेला जमणारी माणसं होती. खोलीतला एक सोबती त्यांच्यातला. ती माणसं आळीपाळीने येऊन बाबांचा डोळा धुवायची, डबा आणायची, शेजारी बसून शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, वाचायची. बाबा घरी परतले ते एका डोळ्याने आंधळे आणि दुसऱ्याने धुरकट पाहणारे, आणि येशूचे झालेले. कुंडलिका नदीच्या पाण्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. आईला ते त्यांनी पेज पिता पिता सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं. आईने विचारलं, डोळा परत येनार हाय का त्यानं. बाबा म्हणाले, नाय. मग आई म्हणाली, "तुमी जा तुमच्या देवाकडं, मी नाय अडवत. पण तुळशीपुढचा दिवा माझा हाय. त्याला फुंकर मारलीत तर बघा." तो दिवा शेवटपर्यंत राहिला.

बाबांना अक्षर ओळख तशीही बेताचीच होती, आता तर डोळेच नव्हते. म्हणून घरातलं शास्त्र मी वाचायचे. मी तेव्हा पेणला कॉलेजात होते. सकाळच्या एसटीने जायचं, रामवाडीला उतरून चालत कॉलेज, दुपारनंतर गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारायचा, आणि शेवटच्या गाडीच्या आधी परत. माझी फी त्या मूर्तींनी भरली, हे मी कुठेही सांगते. घरी आले की हातपाय धुऊन, नखातली शाडू काढून, बाबांपुढे शास्त्र घेऊन बसायचे. दहा आज्ञांपाशी आलो आणि मूर्ती करू नको ही आज्ञा सुरू झाली की बाबा माझ्या हातांकडे न बघता म्हणायचे, "पुढं वाच गो, ते म्हाईत हाय मला." आई पाटीवर तांदूळ निवडता निवडता हसायची.

ही वाचनं म्हणजे आमच्या घरातली करमणूक होती, खोटं कशाला सांगू. वाळूवर बांधलेलं घर पडलं आणि खडकावरचं टिकलं ही गोष्ट वाचली तेव्हा आईने विचारलं, चिखलावर बांधणाऱ्यांचं काय लिहिलंय ते बघ. महिन्यातून एकदा वरशाहून प्रार्थना चालवणारे पाळक यायचे. नगरकडचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. एकदा त्यांनी समजावलं की विश्वास ठेवणारी माणसं म्हणजे पृथ्वीचं मीठ. बाबा ताडकन म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं मीठ पुडीत येतं. आमच्याकडं मीठ जमिनीत गेलं की तीन पिकं जातात. असलं नाव आमाला नका ठेवू." मग पाळकांनी बाबांना खार, बांधाला पडणारी खांड, पाणी सोडायची उघाडी, सगळं विचारून घेतलं आणि जाताना म्हणाले, मी हे वचन दुसऱ्यांदा शिकलो. माझ्या मनात त्या माणसाबद्दल आदर आहे तो तेव्हापासूनचा. शास्त्र आपल्या अंगणात आणून ठेवायचं, आणि मग बघायचं ते तिथं कसं उभं राहतं, ही सवय मला त्या दिवसांत लागली. कॉलेजात मला ती कोणी शिकवली नाही.

गावाने सुरुवातीला नुसती चेष्टा केली. बाबांना नारायन पाद्री म्हणायचे. दुकानात गेलं की कोणीतरी विचारायचं, काय पाद्रीबाबा, आज उपास की मटन. बाबाही उत्तरं द्यायचे. चेष्टा थांबली ती राखणीच्या बैठकीला. जोळीचे पुढारी दामाकाका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊच, आमच्या घरामागे त्यांचं घर. दोघं एका मिठागरात वाढलेले, एका ताटात जेवलेले. बैठकीत बाबांनी सांगितलं, माती दुप्पट टाकीन, पाळी दुप्पट करीन, पण राखणीचा नारळ आणि कोंबड्याचा वाटा माझ्याकडून होणार नाही. दामाकाकांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, म्हणे नारळ मी घालतो तुझ्या नावाने, तू नुसता गप राहा. बाबा म्हणाले, माझ्या नावाने नको. तेव्हा दामाकाकांचा आवाज चढला. "नुसत्या मातीनं बांध उभा ऱ्हात असता तर खाडीनं आपल्याला कवाच गिळलं असतं. ज्याची राखन नाय त्याचा हात बांधाला लागायचा नाय. नारायन, आजपासनं तुझा पाय बांधावर दिसता कामा नये."

आम्ही जोळीबाहेर झालो. कोणी दगड मारला नाही, कोणी पाणी तोडलं नाही. नुसती माणसं आमच्या बाजूने बघेनाशी झाली. हळदीचं बोलावणं आलं नाही. आईने नाक्यावर टोपली ठेवली की शेजारच्या बायका आपली टोपली हातभर सरकवायच्या. दामाकाकांची सून माझ्या बरोबरीची, ती दोन लेकरांना हाताला धरून आमच्या पडवीत येऊन बसायची, तीही यायची बंद झाली. पण खरी गोष्ट घडली ती बांधावर. आमचा वाटा होता उघाडीजवळ. उघाडी म्हणजे बांधातलं ते लाकडी झडपेचं दार, ज्यातून ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडतात. बांधाची सगळ्यात नाजूक जागा. तो वाटा आता बाकीच्या घरांनी उचलायला हवा होता. पण ज्या घराने राखण दिली नाही त्याच्या मातीला हात कोण लावणार. बांधाचा कोप आपल्या अंगावर येईल अशी प्रत्येकाला भीती. दामाकाकांनी दोघातिघांना सांगितलं, त्यांनी हो म्हटलं आणि गेले नाहीत. बाबांना बंदी, आणि बाकीच्यांना भीती. त्या उन्हाळ्यात सगळ्या बांधाला नवी माती चढली, आणि मधे आमचा तेवढा वाटा जुना, काळपट, बसका राहिला. लांबून बघितलं तरी दिसायचा. गाव त्याच्याकडे बघायचं नाही, जसं आमच्याकडे बघायचं नाही.

पाऊस सुरू झाला तशी बाबांची वाचनाची आवड बदलली. पूर्वी म्हणायचे, कुठूनही वाच. आता म्हणायला लागले, नोहाचं वाच. जलप्रलयाची ती गोष्ट मी इतक्यांदा वाचली की पान धरायची जागा मऊ पडली. एकटा माणूस देवाचं ऐकून तारू बांधतो, बाकीचे खातपीत राहतात, मग पाणी येतं. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि पाणी चढायला लागलं की त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा. मला आधी ते बरं वाटायचं, बापाला शांत वाटतंय म्हणून. मग त्यांनी घरात माळा घालायला घेतला. खाडीकाठी एक जुनी मोडकी होडी पडली होती, तिच्या फळ्या उचकटून आणल्या आणि आढ्याखाली जाड वाशांवर टाकल्या. चाचपडत, ठोकत, दिवसेंदिवस. वर भाताची कणगी चढवली, कोंबड्यांचं खुराडं चढवलं, माझी कॉलेजची पुस्तकं चढवली. आई खालून बघत होती. तिने विचारलं, आपण वर बसलो तर मागच्या घरातली पोरं कुठं बसतील. बाबा खिळा ठोकत म्हणाले, "त्यांना सांगितलं होतं."

त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. आईने माझ्याकडे बघितलं आणि मी आईकडे. त्या दिवसापासून मला घरात भीती वाटायला लागली. आधी भीती बाहेर होती, गावात. आता ती आमच्यातच जेवायला बसत होती. बाबा कोणावर ओरडत नव्हते, उलट पूर्वीपेक्षा गोड बोलत होते. पाऊस जोराचा लागला की दारात उभे राहून ऐकायचे आणि हळूच म्हणायचे, येऊ दे. आमचं स्वतःचं शेत त्याच बांधाआड होतं, खारं पाणी आलं असतं तर आमचंही पीक जाणार होतं. ते मी एकदा बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, गेलं तरी चालेल. मी पाळकांना विचारायचं ठरवलं होतं, पण पावसात रोह्याकडून त्यांचं येणं झालं नाही. आज वाटतं, नाही आले तेच बरं झालं. काही वचनं घरच्या माणसानेच वाचावी लागतात.

पिठोरी अमावास्येच्या आदल्या दिवशी कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, गणपती तोंडावर आले होते. आमच्या गावातले अर्धे पुरुष पेणला कारखान्यांत रंगाला, उरलेले कंपन्यांच्या शिफ्टला. बांधावर पाळी होती ती म्हाताऱ्यांची, आणि तीही खालच्या टोकाला, जिथे गेल्या साली माती खचली होती. अमावास्येला मी सुट्टी घेतली, आईने उपास धरला होता म्हणून. दुपारचं उधाण अजून भरायचं होतं. बाबा शेताकडे जाऊन आले, पाय धुतले, आणि चुलीपाशी बसून म्हणाले, "आपल्या वाट्याला पानी येतंय. गढूळ येतंय."

खारेपाटात वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. बांधातून नितळ पाणी पाझरलं तर काही नाही, भरतीला प्रत्येक बांध पाझरतो. पण गढूळ पाणी येतं तेव्हा बांध आतून वाहून जात असतो. वरून तो तसाच दिसतो, माणूस त्याच्यावरून चालत जातो, आणि आत पोकळी झालेली असते. मग भरती भरते आणि एकदम खांड पडते. आईने तव्यावरची भाकरी उतरवली, पदर खोचला आणि उठली. कोणाला सांगायला जायचं ते तिने बोलून दाखवलं नाही. बाबा दारात जाऊन बसले, उंबऱ्यावर, दोन्ही बाजूला हात टेकून.

"कुठं जातंस?"

"दामाभावजींकडं."

"त्यानं सांगितलंय, आपला पाय बांधाला लागायचा नाय. लागत नाय. देवानं जे धाडलंय ते तो बघंल." आणि मग, अगदी हळू, "तू हा उंबरा ओलांडलास तर परत यायचं नाय."

माझ्या आईला बाबांनी आयुष्यात कधी असं म्हटलं नव्हतं. पूर्वी दारू पीत होते तेव्हाही नाही. ती उभीच राहिली. मागच्या घरातून दामाकाकांच्या नातवंडांचा आवाज येत होता, पिठाचे दिवे मागत होती ती, अजून पूजा व्हायची होती तरी. त्यांची म्हैस ओरडत होती. पाऊस नव्हता, ऊन पडलं होतं, आणि सगळं अगदी नेहमीसारखं होतं. आईने बाबांना ढकललं असतं, मला तिचा चेहरा दिसत होता. ती गेली असती, बांधही कदाचित वाचला असता, पण आमचं घर त्या उंबऱ्यावरच संपलं असतं. बाबा उरलं आयुष्य गावाच्या बुडण्याची वाट बघत बसले असते. मी म्हटलं, "बाबा, आजचं वाचायचं राहिलंय."

"वाच," ते म्हणाले. "नोहाचंच वाच."

मी शास्त्र खाली घेतलं आणि योनाचं पुस्तक उघडलं. हे मी मुद्दाम केलं आणि ठरवून केलं. आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी होते आणि त्या दिवशी त्याचा मी पुरता उपयोग केला. एसटीत बसून मी ते छोटं पुस्तक कितीदा वाचलं होतं. देवाने योनाला एका मोठ्या शहराला जाऊन इशारा द्यायला सांगितलं, आणि तो उलट्या दिशेला पळाला, कारण ती त्याची दुष्मन माणसं होती. मासा, समुद्र, ते बाबांना माहीत होतं. ते म्हणाले, हे नको. मी थांबले नाही. शेवटी योना जातो, इशारा देतो, शहर ऐकतं, आणि देव त्या शहराला सोडून देतो. योनाला याचा राग येतो. तो गावाबाहेर जाऊन एक मांडव घालतो आणि सावलीत बसतो, शहराचं काय होतंय ते बघत. इथे बाबांनी मान वर केली. मी वाचत राहिले. देव त्याच्यावर एक वेल वाढवतो, मग ती वाळते, आणि योना वेलीसाठी हळहळतो. तेव्हा देव त्याला विचारतो, तू न लावलेल्या वेलीसाठी तुझा जीव तुटतो, मग एवढ्या शहरासाठी मी हळहळू नको का, ज्यात उजवा-डावा हातही न कळणारी इतकी माणसं आहेत, आणि कितीतरी गुरंढोरं. पुस्तक तिथेच संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही.

"मग? बुडलं का ते?" बाबांनी विचारलं.

"नाय बुडलं."

"आणि तो मानूस?"

"तो बसूनच हाय, बाबा. पुढचं लिहिलेलं नाय."

पाणी चढत होतं, ते आम्हाला तिघांनाही न बघता कळत होतं. मागे म्हैस पुन्हा ओरडली. "गुरांचं पन लिहिलंय?" बाबांनी विचारलं. "खरं लिहिलंय का तू घातलंस?" मी म्हटलं, बोट ठेवून दाखवते. ते म्हणाले, दाखवून काय उपयोग, परत वाच. मी शेवटची ओळ परत वाचली. मग बाबा उंबऱ्यावरून उठले. उठताना त्यांनी आईकडे बघितलं नाही, लाज वाटली असावी. कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि निघाले. आई त्यांच्या मागे, मी आईच्या मागे.

बांधावर ते चढले नाहीत. दामाकाकांची बंदी त्यांनी पाळली. आमच्या वाट्याखाली शेतात, भाताच्या रोपांत, मांडीभर पाण्यात उभे राहून त्यांनी हाळी दिली. उधाणात खांडीची जी हाळी असते ती एकच असते, लांबवलेली, आणि ती ऐकली की घरात जेवणारा माणूस ताट टाकून उठतो. म्हातारे खालच्या टोकाकडून पळत आले, बायका घरांतून, दामाकाका सगळ्यांच्या पुढे. बांधाच्या पोटातून तेव्हा मनगटाएवढी धार लागली होती, चहासारखी. दामाकाका आधी धारेकडे बघेनात, ते बाबांच्या हातातल्या फावड्याकडे बघायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, यानेच खोदलंय. दुसरा म्हणाला, बघा, फावडं हातात. दोन माणसं पाण्यात उतरून बाबांच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. मला आजही ती दोन माणसं स्वप्नात दिसतात, त्यांचे चेहरे नाही, नुसते त्यांचे ओले हात.

बाबा म्हणाले, "दामा, मी खोदलं असतं तर हाळी कशाला दिली असती? मारायचं तर मागनं मार. आधी पेंढा आन."

दामाकाकांनी बाबांच्या हातातलं फावडं काढून घेतलं, आणि मला वाटलं झालं, संपलं. पण त्यांनी ते वर बांधावर फेकलं आणि बाबांकडे हात केला. "वर ये," एवढंच म्हणाले. राखण न दिलेला माणूस बांधावर चढला आणि कोणी अडवलं नाही, अडवायला वेळच नव्हता. पेंढ्याचे भारे आले, चिखल आला, आम्ही बायका रांग धरून घमेली पुढे देत होतो. माझ्या पुढे दामाकाकांची सून होती, कितीतरी दिवसांनी तिचा हात माझ्या हाताला लागत होता. पण नुसता पेंढा राहीना, धार त्याला बाहेर फेकत होती. मागे आधार हवा होता, फळ्या हव्या होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई रांगेत नाही. ती घराकडून येत होती, डोक्यावर होडीच्या फळ्या घेऊन, आणि तिच्यामागे दामाकाकांची नातवंडंही एकेक फळी ओढत होती. माळा तिने एकटीने उचकटला होता. कणगी, कोंबड्या, माझी पुस्तकं, सगळं खाली जमिनीवर आणून ठेवलं होतं. बाबांनी फळ्यांवर हात फिरवला, ओळखल्या, आणि आपणच त्या धारेपुढे रोवायला घेतल्या.

भरती भरली ती बांधाच्या माथ्याला लागून. खाडी वरून आत बघत होती असंच म्हणायला हवं. बांधाच्या आतून एक आवाज येत होता, घशात काही अडकल्यासारखा, आणि दर वेळी तो आला की सगळी माणसं एकमेकांकडे बघायची. मग तो थांबला. कोणाला खरं वाटेना. धार बारीक झाली, आणि हळूहळू तिच्यातलं पाणी नितळ यायला लागलं. दामाकाका वाकून ते ओंजळीत घेऊन बघत होते. पुढचे दोन दिवस उधाण त्याहून मोठं होतं, आणि ते दोन्ही दिवस बाबा आणि दामाकाका त्या वाट्यावर शेजारी शेजारी बसून होते. तिसऱ्या दिवशी बाबा घरी येऊन झोपले ते संध्याकाळपर्यंत.

गावाने माफी मागितली असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. बाबांनीच खोदलं आणि मग भिऊन हाळी दिली, असं म्हणणारी दोन घरं आहेत. त्यांची पोरंही आता तेच म्हणतात. आणि माझ्या बापाच्या मनात त्या पावसाळ्यात काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून मी त्या घरांशी फार भांडत नाही. बाबांनी पुन्हा कधी नोहाचं वाच म्हटलं नाही. योनाचंही नाही. आईला ते काय बोलले, बोलले का, मला माहीत नाही. एवढंच दिसलं की त्या वर्षी तुळशीपुढच्या दिव्याला तेल कमी पडलं तेव्हा ते स्वतः नाक्यावरून घेऊन आले.

आता मी पेणलाच राहते, रामवाडीला. आईबाबा दोघंही गेले. अधूनमधून गावी जाते तेव्हा बांधावर एक चक्कर मारते. जोळ आता नावापुरती आहे. तरुण माणसं कंपनीत, कितीकांनी शेतं विकायला काढलेली, आणि ज्यांनी घेतली ती माणसं बांध बघायला येत नाहीत. गेल्या पावसाळ्यानंतर मी गेले तेव्हा खालच्या टोकाला तिवरं शेताच्या आत उगवलेली दिसली. तिवराचं झुडूप तिथेच उगवतं जिथे खारं पाणी येऊन जातं. मी दोघातिघांना दाखवलं. ते म्हणाले, व्हय, बघू. पाणी पूर्वीपेक्षा उंच येतं असं मला वाटतं, पण मी म्हातारी झाले आहे, आणि म्हाताऱ्यांना सगळंच तसं वाटतं. अमावास्या-पुनवेला पेणमध्ये बसून मला भरतीची वेळ अजून कळते.

त्या वर्षी मात्र आमच्या खारीत खारं पाणी शिरलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात जोळीच्या बैठकीत आमचा वाटा आम्हाला परत मिळाला, मातीचा आणि पाळीचा. राखणीचा वाटा आमच्याकडे कोणी मागितला नाही आणि पुढेही कधी मागितला नाही. त्याच उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.